सी-व्ह्यू

फॉर्म चार पानांचा.
नाव: हॉटेल अल-नौरस, मनामा.
बांधकाम: १९६६. पाच मजले, दर्शनी भागी सिमेंटची जाळी.
जाळीच्या भोकाभोकांत कबुतरांचे संसार,
ते लिहिले नाहीत.
इमारत देशाहून पाच वर्षांनी थोरली,
तेही नाही. त्याला रकाना नव्हता.

दुसऱ्या पानावर वारसामूल्य:
स्थापत्य, इतिहास, परिसर, दुर्मिळता.
प्रत्येकी शून्य ते पाच.
बेरीज अकराच्या खाली गेली
की पुढच्या महिन्यात क्रेन.
हेसाच्या आईबापांच्या लग्नाचं जेवण
इथंच झालं होतं, दुसऱ्या मजल्यावर,
म्हणून तिने मार्क द्यायचे नाहीत असं तिनेच ठरवलं.
मग द्यायचे कुणी, तर मी.
चिपळूणची. तीन वर्षं झाली इथे,
अजून उन्हाळ्यात छत्री घेऊन बाहेर पडते
आणि लोक बघतात.

किल्लीला पितळी बिल्ला. ३०४.
आकड्याखाली कोरलेलं: सी-व्ह्यू.
बाल्कनीत गेले.
खाली पार्किंग, पलीकडे बँक,
बँकेपलीकडे आणखी एक बँक, आठपदरी रस्ता,
आणि मग, म्हणतात, पाणी.
पंगतीत उशिरा आलेल्यांना जागा द्यायला
एकेक पाट सरकत राहावं कुणी,
तसा तो सरकत राहिला, भराव पडत गेला,
शेवटी उठूनच गेला पानावरून.
कठडा मात्र एकाच बाजूने गंजलेला,
तो जिकडे होता त्या बाजूने.
परिसर: तीन लिहिले. खोडले. दोन केले.

लिफ्ट बंद.
जिन्याने खाली न्यायला दाऊद परकार,
हर्णैचे. अठराव्या वर्षी आले, लाँड्रीत लागले.
हॉटेलचे मालक तीनदा बदलले,
इस्त्री दोनदा.
"चिपळून? मंग घरचीच हायस," म्हणाले,
आणि टॉर्च माझ्या हातात दिला, पाहुणचारासारखा.

तळघरात भिंतभर पेन्सिल.
देवनागरी आकडे, रोजचे:
चादरी ८२. उशा ८२. टावेल ११०.
१९७८, १९८३, रमजान, ईद, एक फुटबॉलची टीम.
मग ऑगस्ट नव्वद:
माणसं २११. चादरी १६०.
त्याच्या पुढे काही नाही.
"ही कुवेतहून आलेली. जेवायच्या हॉलात निजली.
पडदे काढून दिले आमी अंगावर घ्यायला.
एक बाय तर मेजाचा कापड गुंडाळून बसलेली,
पोराला दूध पाजत."
पडदे किती, ते मांडलं नाहीत?
"पडदे धुवायला परत आलेच नाय."

भिंतीला पट्टी लावून फोटो घेतला.
पट्टी हवीच. नाहीतर कळत नाही
अक्षर केवढं होतं.
खालच्या चारेक ओळी मिठाने खाल्लेल्या,
पांढरी फुलं, बोट लावलं की भुगा.
गळती कुठली, विचारलं.
"गळती?" परकार हसले.
पॅन्टच्या घड्या गुडघ्यापर्यंत घातल्या,
कोपऱ्यातली लोखंडी जाळी उचलली.
खड्ड्यात पाणी होतं. काळं, आणि हलत होतं.
"दोनदा येता दिसाला. आज बारस,
एवढाच येल. पुनवेला पंप दोन लावतो.
ह्ये वरती बाल्कनीत जाऊन शोधतत त्याला."

वाकले. बोट बुडवून जिभेला लावलं.
हर्णैला, चिपळूणच्या खाडीत, सगळीकडे
चव तीच असते असं वाटायचं मला.
ही जास्त खारट होती.

परकारांनी पंप लावला. कानठळ्या.
त्या आवाजात, टॉर्च काखेत धरून,
दुसरं पान उघडलं,
परिसरच्या दोनाचे पाच केले.
शेजारी 'कारण' म्हणून एकच ओळ आहे, अरुंद.
लिहिलं: समुद्र तळघरात येतो.
वेळ: भरतीची.

बेरीज वर जाऊन करीन.